पाकिटाची पुढची बाजू आणि दुकानदाराची जीभ

२०२३ च्या मे महिन्यातील एक दुपार. नात्यातील एका माणसाच्या किराणा दुकानात मी गप्पा मारीत बसलो होतो. इतक्यात मागच्या गल्लीतील एक बाई घाईघाईने आल्या. "भाई, ओआरएस द्या हो. पोराला सकाळपासून जुलाब लागलेत, पोटात पाणी ठरेना." आमच्या नातलगाने फ्रीज उघडला, सफरचंदाचे चित्र असलेले एक थंडगार पाकीट काढले आणि म्हणाला, "हे घ्या भाभी, कंपनीचं आहे. पोरगं आवडीने पिईल." पैसे गल्ल्यात पडले, बाई गेल्या, आमच्या गप्पा पुढे सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला दवाखान्यात सलाईन लावावे लागले. केवळ त्या पाकिटामुळे असे झाले, असे मी म्हणणार नाही. उन्हाळा होता, पाणी खराब होते, आजार अंगात होताच. पण दवाखान्यात डॉक्टरांनी ते रिकामे पाकीट पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे कोणी दिलं?" बाईंनी कंपनीचे नाव सांगितले नाही. त्यांनी आमच्या नातलगाचे नाव सांगितले. पुढे कित्येक महिने त्या बाई दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

त्या पाकिटावर ओआरएस हा शब्द बोटभर उंचीचा होता. आणि त्याखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असेही छापले होते की, हे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेले ओआरएस नव्हे! ती ओळ बाईंनी वाचली नाही, दुकानदाराने वाचली नाही आणि खरे सांगायचे तर मीही ती नंतरच वाचली.

व्यापारी बंधूंनो, खरे ओआरएस म्हणजे काय हे आधी पाहू. एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. हे ठरलेले माप आहे. साखर आणि मीठ या मापात असले तरच आतडे पाणी शोषून घेते. त्या गोड पेयांच्या मागचा तक्ता वाचला तर लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर दिसे. म्हणजे सात-आठपट! जुलाब लागलेल्या मुलाच्या पोटात इतकी साखर गेली की ती उलट शरीरातीलच पाणी आतड्यात ओढते. जे थांबवायचे, तेच वाढते.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या एका शब्दासाठी जवळजवळ आठ वर्षे लढा दिला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जुलै २०२२ मध्ये तर बारीक अक्षरांत खुलासा छापण्याच्या अटीवर ओआरएस हा शब्द नावात वापरायला परवानगीच दिली होती. ही परवानगी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेण्यात आली. आता ठरलेल्या मापाशिवाय कोणत्याही पेयाच्या नावात, मागे-पुढे काही जोडूनसुद्धा, हा शब्द चालत नाही. छापलेला माल विकू द्या म्हणून कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. त्यांचे वकील होते, त्यांची बाजू मांडली गेली. आमच्या नातलगाची बाजू मांडणारे त्या दवाखान्यात कोणीच नव्हते.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पाकिटावरील शब्द छापतो एकजण आणि तो गिऱ्हाइकाला तोंडाने सांगतो दुसराच. हा दुसरा म्हणजे आपण. गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही, ते आपल्याला विचारते, "चाचा, चांगलं आहे ना?" आणि आपण पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे लिहिले आहे, तेच पोपटासारखे म्हणून टाकतो. कंपनीला जाहिरातीसाठी लाखो रुपये मोजावे लागतात. आपण मात्र आपली जीभ तिला फुकट वापरायला देतो.

अशा शब्दांचा बाजारात सुळसुळाट आहे. 'शंभर टक्के फळांचा रस' हा शब्द घ्या. पाकिटातील बहुतेक रस आटवून घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी घालून तयार केलेला असतो. त्यात किलोमागे पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर 'गोड केलेला रस' असे लिहावे लागते. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने हा शंभर टक्क्यांचा दावा काढून टाकायला सांगितले आणि मे २०२५ मध्ये तर एकूणच खाद्यपदार्थांवर 'शंभर टक्के' हा शब्द वापरू नका अशी सूचना दिली. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये 'हेल्थ ड्रिंक' या शब्दावर गदा आली होती. माल्टची आणि दुधात घालायची पावडर या सदरात टाकू नका, असे ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगण्यात आले. कारण साधे होते. हेल्थ ड्रिंक असा प्रकार कायद्यात कोठेच नाही! वर्षानुवर्षे आपण जो शब्द बोलत आलो, त्याची व्याख्याच नव्हती.

खाद्यतेलाची गंमत तर निराळीच. 'कोलेस्टेरॉल नाही' असे सांगून तेल विकणारे आजही भेटतात. अहो, कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत, दुधात, अंड्यात असते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलात ते नाव घेण्याइतके कधीच नव्हते. उद्या कोणी 'हाडे नसलेला बटाटा' म्हणून बटाटा विकू लागला, तर त्याला आपण हसू की नाही? तेलाच्या डब्यावर 'डबल रिफाइन्ड', 'अल्ट्रा रिफाइन्ड', 'कोलेस्टेरॉलशी लढणारे' असले शब्द छापायला तर जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांपासूनच मनाई आहे. तरी 'डबल रिफाइन्ड आहे' हे वाक्य कित्येक दुकानांत अजून ऐकू येते. पाकिटावरून शब्द गेला, पण जिभेवरून गेला नाही.

मधुमेही गिऱ्हाइकाच्या बाबतीत अधिक जपायला हवे. 'शुगर फ्री' आणि 'वेगळी साखर घातलेली नाही' हे दोन शब्द एक नव्हेत. पहिला शब्द वापरायचा तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. दुसऱ्यात वरून साखर घातलेली नसली तरी पदार्थाची स्वतःची साखर भरपूर असू शकते. खजूर आणि मनुका यांना वरून साखर घालायची गरज तरी काय? आणि दोन्ही प्रकारांत मैदा किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असू शकते. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात धरले जात नाही, रक्तातील साखर मात्र झपाट्याने वाढवते. तेव्हा 'काकी, हे शुगर फ्री आहे, खुशाल खा' असे म्हणण्याआधी पाकीट उलटे करून पाहावे. तसेच 'एका सर्व्हिंगमध्ये' किती, या आकड्याच्या नादी लागू नये. ते सर्व्हिंग कंपनीने ठरविलेले असते, कधी दोन बिस्किटांचे तर कधी एका चमच्याचे. शंभर ग्रॅमचा रकाना पाहावा, म्हणजे दोन कंपन्यांच्या मालाची खरी तुलना होते.

सरकारी यंत्रणेने सर्व काही ठीक चालविले आहे असेही समजू नका. 'ए-टू दूध' हा शब्द वापरू नका, असा आदेश २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघाला आणि २६ ऑगस्टला मागेही घेतला गेला. पाच दिवस! ज्या दुकानदाराने पहिला आदेश वाचून माल परत केला असेल, त्याने काय करायचे? पाकिटाच्या पुढच्या बाजूलाच साखर, मीठ आणि चरबी यांची खूण ठळक छापावी, हा वाद तर आता जुनाट झाला आहे. २०२२ मध्ये तारे छापण्याचा मसुदा आला, त्यावर हरकतींचा ढीग पडला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ही दिरंगाई परवडते ती मोठ्यांना.

आता आपल्या गळ्याशी येणारा मुद्दा. पुष्कळ दुकानदार म्हणतात, "छापले कंपनीने, आम्ही फक्त विकतो, आम्हाला काय?" हा समज अगदी चुकीचा आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चे कलम २७ पाहा. उत्पादक, घाऊक व्यापारी, वितरक आणि विक्रेता यांची जबाबदारी त्यात वेगवेगळी सांगितली आहे. मुदत संपलेला माल, घाणीत ठेवलेला माल, कोणाकडून आला हे सांगता न येणारा माल आणि खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या लेबलाचा माल, या सर्वांना विक्रेता जबाबदार आहे. येथे एक बारकावा आहे. असुरक्षित मालाबद्दल विक्रेत्याला धरायचे तर त्याला ते माहीत असून त्याने माल घेतला असला पाहिजे. चुकीच्या लेबलाबद्दल 'माहीत असून' हे शब्दच कायद्यात नाहीत! दंड कलम ५२ प्रमाणे तीन लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. आणि खोटी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्याला कलम ५३ प्रमाणे दहा लाखांपर्यंत. दुकानाबाहेर आपण हाताने लिहिलेला फळा आणि गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठविलेली चिठ्ठी हीसुद्धा जाहिरातच होय.

माझ्या मते हा कायदा लहान दुकानदारावर अन्याय करणारा आहे. ज्याने शब्द छापला त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे आणि कायदेतज्ज्ञही आहेत. ज्याने पाकीट फळीवर लावले त्याच्याकडे एक वजनकाटा आणि एक पोरगा. दोघांना एकाच कलमाच्या टोपलीत घालणे योग्य नाही. पण कायदा बदलेपर्यंत त्याच कायद्यात आपल्या बचावाचीही एक वाट आहे, आणि ती आपण वापरत नाही याचे मला जास्त वाईट वाटते. कलम २६ सांगते की माल देणाऱ्याने मालाच्या दर्जाची लेखी हमी दिली पाहिजे, आणि खरेदीचे साधे बिलसुद्धा अशी हमी मानले जाईल. बिल! एक साधा कागद! आपण काय करतो? चार पैसे वाचावेत म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल उचलतो. एफडीएचा माणूस दारात उभा राहिला की होलसेलवाला म्हणतो, "मी कधी दिला हा माल?" मग त्या दिवशी वाचलेले चार पैसे चाळीस हजारांना पडतात. पक्के बिल असले तर निदान दाखवायला कागद असतो, आणि पुढची चौकशी ज्याच्याकडून माल आला त्याच्याकडे वळते.

हे झाले दुकानदारांचे. जे स्वतः माल बनवतात, त्या आपल्या बेकरीवाल्या, मिठाईवाल्या, मसालेवाल्या आणि सरबतवाल्या बांधवांची अडचण आणखी वेगळी आहे. मोठ्या कंपनीच्या पाकिटावर एखादा शब्द दिसला की आपण तो उचलून आपल्या स्टिकरवर टाकतो. स्टिकर छापणारा तर विचारतच नाही. उलट तोच सुचवितो, "शुद्ध टाकू का? घरगुती टाकू का?" मी स्वतः नानखटाईचा एक पुडा पाहिला. पुढे लिहिले होते 'शुद्ध तुपातील', मागे घटकांत पहिल्या तीनांत वनस्पती तूप! बनविणारा माणूस सरळ होता. त्याला आपण खोटे लिहिले असे वाटतच नव्हते. "सगळे असेच लिहितात," एवढेच तो म्हणाला. कंपनीच्या चुकीवर कोर्टात वर्षे जातात. आपल्या चुकीवर एका तपासणीत भट्टी बंद पडते, आणि त्या भट्टीवर दहा घरांच्या चुली चालत असतात.

२०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत 'नैसर्गिक', 'ताजे', 'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक' अशा शब्दांवर अटी आहेत. 'घरगुती' हा शब्दही गिऱ्हाइकाची समजूत चुकवत असेल तर चालत नाही. असा शब्द कोणाच्या ब्रँडच्या नावातच असला आणि त्याने दिशाभूल होत असली, तर 'हे केवळ ब्रँडचे नाव आहे, मालाचे खरे स्वरूप नव्हे' असे निदान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावे लागते. दुसरा एक नियम तर आपल्या फार उपयोगाचा आहे. पाकिटावर एखाद्या जिनसाचे नाव ठळक केले किंवा चित्र काढले, तर तो जिन्नस किती टक्के आहे हे लिहिणे भाग आहे. बदामाचे चित्र काढले तर बदाम किती टक्के हे घटकांच्या यादीत आलेच पाहिजे. आता पुढच्या वेळी एखादे मोठ्या कंपनीचे बदाम बिस्कीट किंवा मल्टीग्रेन ब्रेड हाती आला की तो आकडा शोधा. पुष्कळदा चित्रातील मूठभर बदाम आकड्यात चिमूटभर होतात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे तर प्रत्येक बेकरीवाल्याने पोराला पहिल्या दिवशी शिकवावे. 'आटा' नावाच्या बिस्किटात यादीचा पहिला शब्द मैदा असला, तर ते मैद्याचे बिस्कीट. ब्राउन ब्रेडच्या यादीत कॅरॅमल रंग, म्हणजे आयएनएस १५०, दिसला तर तो तपकिरी रंग निदान काही अंशी बाटलीतून आला आहे. आपली लहान बेकरी खरोखर चक्कीचा आटा वापरत असेल तर 'गव्हाचा आटा ६० टक्के, मैदा ४० टक्के' असे सरळ लिहावे, जे असेल ते. हे लिहायला मोठ्यांची जीभ अडखळते, आपली का अडखळावी? 'ट्रान्सफॅट फ्री' मात्र प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय लिहू नये. त्याला शंभर ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी अशी अट आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात, मार्गारीनमध्ये आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत कारखान्यात तयार होणारे ट्रान्सफॅट एकूण चरबीच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सुट्या वनस्पतीच्या डब्याचे बिल नसेल तर आपल्या खारीत काय जाते आहे हे आपल्यालाच माहीत नाही.

कुल्फी आणि आइस्क्रीम यांबद्दल दोनच शब्द. आइस्क्रीममध्ये दुधाची चरबी निदान दहा टक्के हवी. वनस्पती तेल असेल तर ते 'फ्रोझन डेझर्ट' झाले. ते विकणे गुन्हा नाही, त्याला आइस्क्रीम म्हणणे चूक आहे. फळ्यावर तसेच लिहा.

आता थोडे आपल्याच मोहल्ल्याकडे पाहू. दुसऱ्याच्या पाकिटावर बोट ठेवणे सोपे असते. रमजान जवळ आला की खजुराच्या पाकिटांवर मदिनेचे चित्र चढते, घुमटाखाली सोनेरी अक्षरे येतात. पाकीट उलटे करून मूळ देश पाहावा तर इराक किंवा इराण! तेथील खजूरही उत्तम असतो, त्यात कमीपणा काहीच नाही. मग नाव बदलून का विकायचा? 'अजवा' म्हणून दुसराच काळसर खजूर गळ्यात मारला जातो, तो घेणारी आपलीच माणसे असतात आणि देणारीही आपलीच. मधाच्या बाटलीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, अगदी पाण्याच्या बाटलीवरही कोणी 'हलाल' छापून घेतो. कोणी तपासले, कशाच्या आधारावर छापले, याचा कागद विचारला की तो आकाशाकडे पाहू लागतो. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाला जो दोष आपण देतो, तोच येथेही आहे. उलट येथे गिऱ्हाईक अधिक भोळेपणाने विश्वास ठेवते, म्हणून दोष अधिक.

हिरव्या ठिपक्याबद्दलही गैरसमज आहे. चौकोनातील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे प्राणिजन्य जिलेटिन नाही अशी खात्री मिळते. पण फ्लेवर कशात विरघळविला आहे, त्यात अल्कोहोल आहे की नाही, हे तो ठिपका सांगत नाही. गिऱ्हाइकाने विचारले तर 'हिरवा ठिपका आहे ना, मग झाले' असे उत्तर देऊ नये. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, किंवा कंपनीला लेखी विचारून सांगावे. पाकिटावर ग्राहकांसाठी फोन आणि पत्ता असतो, तो दुकानदारालाही वापरता येतो.

आमच्या त्या नातलगाने आता एक रीत ठेवली आहे. ओआरएस मागितले की तो आधी विचारतो, "कोणासाठी?" आजाऱ्यासाठी असेल तर पावडरीची पुडी देतो, एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या म्हणून सांगतो, आणि पैशाची अडचण दिसली तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते हेही सांगतो. गोड पेये अजून त्याच्या फ्रीजमध्ये आहेत, पण ती खालच्या खणात, सरबतांबरोबर.

दुकानात जुन्या लेबलाचा काही माल पडून असेल तर या आठवड्यातच फळ्या चाळा. ओआरएस नावाचे पेय, शंभर टक्के रस, डबल रिफाइन्ड तेलाचा जुना डबा, जे निघेल ते बाजूला काढा. कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला की आधी तो माल परत घ्यायला सांगा आणि मगच नव्या मालाचे बोला. तो म्हणेल, "पुढच्या खेपेला बघू." पुढच्या खेपेची वाट पाहू नका. परत दिलेल्या नगांची संख्या, तारीख आणि त्याची सही एका कागदावर घ्या, आणि तो कागद बिलांच्या फायलीत लावा.